व्हीटीसी, आयसीसीसारख्या वायरलेस तंत्रज्ञानाच्या परिषदांना पीएचडीचे विद्यार्थी पाठवायचे तर पैसे कुठून आणि कोणत्या क्रमाने?

विष्णुपुरी
विषय मराठवाड्यापुरता ठेवू या. नांदेडचं एसजीजीएस, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी, दोन्ही विद्यापीठांचे विभाग आणि बाटूला (लोणेरेच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाला) जोडलेली लातूर-बीड-परभणीकडची महाविद्यालयं. वायरलेस, ५जी-६जी, वाहनांमधला संवाद, रडार, चॅनल मॉडेलिंग यांवर काम करणारे विद्यार्थी आपल्याकडे आहेत, आणि त्यांचे शोधनिबंध आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेच्या परिषदांत स्वीकारलेही जातात. अडतं ते जाण्यापाशी. टेकिप, म्हणजे अभियांत्रिकी महाविद्यालयांना निधी देणारा केंद्राचा कार्यक्रम, २०२१ मध्ये संपलं. तेव्हापासून कॉलेजात 'प्रवास अनुदान' म्हटलं की लेखा विभाग हेडच (खर्चाचं खातंच) नाही म्हणतो.

माहीतगारांनी योजनांची नुसती नावं टाकू नयेत. अर्ज कधी, सही कुणाची, पैसे आधी मिळतात की नंतर, आणि फाईल कुठे अडकते, एवढं लिहा.

अँटेनावाला
शेवटून दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण सगळं तिथेच फसतं. जवळजवळ प्रत्येक अनुदान परतफेडीचं असतं. आधी तुम्ही भरा, जाऊन या, बिलं लावा, मग पैसे.

गणित मांडून बघा. आकडे फक्त हिशेबासाठी धरलेत, युरोपातली परिषद समजा. विमान ७५,०००, लेखक म्हणून पूर्ण नोंदणी ७०,०००, व्हिसा आणि व्हिसा-केंद्राचं सेवाशुल्क ११,०००, विमा २,०००, चार रात्रींचं राहणं ४०,०००, तिथला प्रवास आणि जेवण ८,०००. झाले २,०६,०००. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) २०२३ पासून महिना ३७,००० आहे. म्हणजे घरभाडं भत्ता सोडला तर साडेपाच महिन्यांची फेलोशिप, तीही वेळेवर आली तर. शंभर टक्के अनुदान मंजूर झालेला विद्यार्थीसुद्धा एवढी रक्कम मध्ये दोन-चार महिने अडकवू शकत नाही. म्हणून 'कोणती योजना' हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, कोणता खर्च कोणत्या तारखेला कुणाच्या खात्यातून जाणार.

खर्च एकदम येत नाही, हे त्यातल्या त्यात बरं. सगळ्यात आधी नोंदणी, अंतिम प्रत जमा करण्याच्या मुदतीलाच. मग व्हिसा, विमान, आणि शेवटी हॉटेल, ज्याचे पैसे बहुधा तिथे पोचल्यावर. नोंदणी संस्थेच्या खात्यातून गेली तर विद्यार्थ्यावरचा एक तृतीयांश भार पहिल्याच टप्प्यात हलका होतो.

बालाघाट
नोंदणीत एक खड्डा आहे. विद्यार्थी-दर बघून अनुदानाच्या अर्जात तेवढीच रक्कम लिहितात. पण आयईईईच्या बऱ्याच परिषदांत, विशेषतः कम्युनिकेशन्स सोसायटीच्या, विद्यार्थी-दराने केलेली नोंदणी शोधनिबंधाला धरत नाहीत. प्रत्येक निबंध पूर्ण दराच्या नोंदणीला जोडलेला लागतो. फरक मोठा असतो. परिषदेच्या संकेतस्थळावर 'लेखकांची नोंदणी' असं वेगळं पान असतं, ते वाचल्याशिवाय आकडा टाकू नका. एका पूर्ण नोंदणीत किती निबंध बसतात तेही तिथेच असतं. गाईडचे दोन विद्यार्थी, दोन निबंध, तर एका नोंदणीत काम भागू शकतं.

आणि नोंदणी भरून कुणीच गेलं नाही तर? आयईईई असा निबंध एक्सप्लोर या आपल्या ऑनलाइन संग्रहातून काढण्याचा हक्क राखून ठेवते. पैसेही गेले, निबंधही गेला.

औंढा
नवीन आहे, बारीकसारीक विचारतो. व्हीटीसीचं स्वतःचं अनुदान असतंय म्हणे. ते भारतातल्या विद्यार्थ्याला मिळतंय का?

अँटेनावाला
@औंढा, मिळतं. व्हीटीसी ही आयईईईच्या व्हेइक्युलर टेक्नॉलॉजी सोसायटीची मुख्य परिषद. वर्षातून दोनदा भरते, स्प्रिंग आणि फॉल. २०२४ चं स्प्रिंग सिंगापूरला होतं, २०२५ चं ओस्लोला. विद्यार्थ्यांच्या प्रवास-अनुदानाची सूचना त्या-त्या परिषदेच्या पानावर येते. साधारण अपेक्षा अशी: निबंध स्वीकारलेला, विद्यार्थीच सादर करणार, विद्यार्थी सोसायटीचा सदस्य, गाईडचं पत्र सोबत. कम्युनिकेशन्स सोसायटी आयसीसी, ग्लोबकॉम, डब्ल्यूसीएनसी या आपल्या परिषदांना असंच देते, तिथे त्या सोसायटीचं सदस्यत्व लागतं. नुसतं आयईईईचं विद्यार्थी सदस्यत्व आणि सोसायटीचं सदस्यत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोसायटीचं वेगळं जोडावं लागतं आणि विद्यार्थ्यांना ते स्वस्त असतं. निबंध पाठवतानाच जोडून ठेवा. अर्जाच्या मुदतीच्या आदल्या रात्री जोडलं आणि सदस्य क्रमांक दिसेना, असं होतं.

अमेरिकेतल्या परिषदांना एनएसएफचंही (तिथल्या सरकारी विज्ञान-निधी संस्थेचं) अनुदान असतं. सूचना एकाच पानावर दोन्हींची येते. ते अमेरिकेतल्या विद्यापीठांत शिकणाऱ्यांसाठी आहे. त्याला अर्ज करून वाट बघत बसू नका.

ही अनुदानं पूर्ण खर्च देत नाहीत. एक ठरावीक कमाल रक्कम असते, तीही परिषदेनंतर. त्यामुळे यांच्याकडे भरून काढणारा पैसा म्हणून बघा. पाया दुसरीकडून उभा करायचा.

गोदाकाठ
पाया म्हणजे एएनआरएफ, केंद्राची संशोधनाला निधी देणारी संस्था. जुनं एसईआरबी आता त्यात विलीन झालंय, कायदा २०२३ चा. त्यांची आंतरराष्ट्रीय प्रवास योजना हाच आपल्याकडच्या विज्ञान-अभियांत्रिकीवाल्यांचा मुख्य रस्ता. अर्ज ऑनलाइन. निबंध स्वीकारल्याचं पत्र, गोषवारा, संस्थाप्रमुखाच्या सहीचं शिफारसपत्र, खर्चाचा तपशील. मुदत आणि वयाच्या अटी त्या वर्षीच्या मार्गदर्शिकेत बघा. जुनी पीडीएफ व्हॉट्सॅपवर फिरत असते, तिच्यावर जाऊ नका.

अर्ज कुठे मार खातात ते सांगते.

स्वीकृतीचा ईमेल जोडतात, ज्यात नाव नसतं, 'प्रिय लेखक' असतं. आयोजकांकडून विद्यार्थ्याच्या नावाचं, निबंधाच्या शीर्षकाचं, तोंडी की पोस्टर हे लिहिलेलं पत्र मागवा. ते मागितलं की मिळतं.

सादर करणारा पहिला लेखक नसतो. असेल तर ठीक, नसेल तर सहलेखकांनी 'हाच सादर करणार' असं लेखी द्यावं. एकाच निबंधावर दोघांनी दोन ठिकाणी अर्ज टाकू नये.

सही. संशोधन केंद्र संलग्न कॉलेजात, नोंदणी विद्यापीठात. मग संस्थाप्रमुख कोण, प्राचार्य की कुलसचिव? माझं मत: विद्यार्थी रोज जिथे काम करतो आणि जिथून फेलोशिपची हजेरी जाते, तिथल्या प्रमुखाची सही, आणि विद्यापीठाचं पीएचडी नोंदणीपत्र सोबत. दोन्हीकडे फाईल फिरवत बसलात तर आवक-जावकमध्येच महिना जातो.

विमानाचं तिकीट. सरकारी पैशाचं तिकीट असेल तर एअर इंडियाचीच सक्ती आता राहिलेली नाही, पण तिकीट बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी यांच्याकडूनच काढायचं, ही अर्थमंत्रालयाच्या २०२२ च्या आदेशातली अट आहे. त्याच आदेशात प्रवासाच्या किमान २१ दिवस आधी काढा आणि स्वस्तातलं घ्या, असंही आहे. मोबाईलवरच्या कुठल्या तरी ॲपवरून चार हजार वाचवून काढलेलं तिकीट नंतर नामंजूर झालं की पाऊण लाख अंगावर. मंजुरी आदेशात अट नीट वाचा, मगच काढा.

मांजरा
+१. आणि बोर्डिंग पास जपा. मोबाईलवरचा पास विमान उतरलं की कधी कधी ॲपमधून गायबच होतो. बोर्डिंगच्या आधी पीडीएफ स्वतःला मेल करा. परतीचा तर हमखास विसरतात, कारण तेव्हा घराचे वेध लागलेले असतात.

तुळजाई
सगळे परदेशावर बोलतायत. जरा थांबा. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ओस्लोला पाठवायची घाई कशाला? बंगळुरूचं कॉम्सनेट्स दर जानेवारीत असतं, विद्यार्थ्यांना प्रवास-अनुदानही देतात. एनसीसी ही संप्रेषणाची राष्ट्रीय परिषद आहे, आयआयएससीचं स्पकॉम दोन वर्षांतून एकदा आहे, आयईईई अँट्स आहे. नांदेडहून बंगळुरूला थेट गाडी जाते. दोन लाखांत एकाला परदेशी पाठवण्यापेक्षा तेवढ्यात प्रयोगशाळेतली सगळी पोरं कॉम्सनेट्स बघून येतील. शिवाय देशांतर्गत प्रवासाला प्रकल्पाचं हेड चालतं, परदेशाला बहुतेक ठिकाणी वेगळी लेखी परवानगी लागते.

विष्णुपुरी
@तुळजाई, मुद्दा रास्त आहे. पण व्ही-टू-एक्स (वाहनाचा इतर वाहनांशी आणि आजूबाजूशी संवाद) किंवा वाहनांच्या रडारवर काम करणाऱ्याला प्रश्न विचारू शकतील असे पंचवीस लोक एका खोलीत व्हीटीसी नाहीतर व्हीएनसी या वाहन-नेटवर्कच्या परिषदेलाच भेटतात. आणि २०२२ च्या यूजीसी नियमांनी पीएचडीसाठी निबंध छापण्या-वाचण्याची सक्ती काढली. आता परिषद कागदाच्या पूर्ततेसाठी नाही, म्हणजे जायचं तर कामाच्या परिषदेलाच जावं.

तुळजाई
ते मान्य. मग असा क्रम ठेवा: आधी देशात एकदा, नंतर बाहेर. ज्याने एकदाही प्रश्नोत्तरं झेलली नाहीत त्याचा पहिला झटका दोन लाखांचा नको. आणि जागा निवडताना व्हिसा बघा. सिंगापूरचा व्हिसा अधिकृत एजंटामार्फत, शुल्क ३० सिंगापूर डॉलर. शेंगेनला (युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामायिक व्हिसाला) ९० युरो, वर सेवाशुल्क, वर प्रत्यक्ष बोटांचे ठसे. एकाच दर्जाच्या दोन परिषदा असतील तर हा फरक अर्ज पाठवतानाच मोजायचा. निबंध स्वीकारल्यावर मोजून काय उपयोग?

अँटेनावाला
शेंगेनचं थोडं सविस्तर, कारण युरोपातल्या परिषदा आपल्याकडे जास्त निवडल्या जातात.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला नियमाने १५ दिवस, पण ४५ पर्यंत लांबवता येतात. म्हणजे सव्वा दोन महिने आधी अपॉइंटमेंट हातात असावी असं धरून मागे मोजा. पासपोर्ट परतीनंतर तीन महिने वैध, गेल्या दहा वर्षांत काढलेला, दोन पानं कोरी. विमा किमान ३०,००० युरोचा आणि पूर्ण मुक्कामाचा. एक दिवस कमी पडला तरी अर्ज परत येतो. पूर्वी ठसे दिले असतील आणि ५९ महिने झाले नसतील तर ते पुन्हा वापरता येतात.

खर्च कोण करतंय हे कागदावर एकाच सुरात यायला पाहिजे. कॉलेजचं पत्र म्हणतं 'संस्था खर्च करणार', एएनआरएफचं म्हणतं 'विमानभाडं आम्ही', आणि बँक स्टेटमेंटमध्ये अर्जाच्या आदल्या आठवड्यात मामांनी दोन लाख टाकलेले. असा अर्ज उगीच संशयात जातो. पत्रात स्वच्छ लिहा: विमान आणि व्हिसा अमुक आदेशाने, नोंदणी अमुक हेडमधून, राहणं-जेवण विद्यार्थी स्वतः फेलोशिपमधून. त्या वाक्याला जुळेल एवढीच शिल्लक खात्यात असली तरी पुरते, फक्त ती काही महिन्यांपासून दिसली पाहिजे.

व्हिसा-केंद्र मुंबई-पुण्याला. नांदेड, लातूरकरांना हैदराबाद जवळचं वाटतं, पण अधिकारक्षेत्र देशागणिक वेगळं असतं. त्या देशाचा नियम बघितल्याशिवाय तिकडची तारीख घेऊ नका.

बालाघाट
नावांचं मी लिहितो. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव, नाव, वडिलांचं नाव असा क्रम. पासपोर्टवर 'दिलेलं नाव' या रकान्यात नाव आणि वडिलांचं नाव दोन्ही, आडनाव वेगळं. निबंधावर विद्यार्थी फक्त नाव-आडनाव लिहितो. आयईईई खात्यात तिसराच प्रकार. नोंदणी पासपोर्टवरच्या नावानेच करा, कारण व्हिसासाठीचं आमंत्रणपत्र नोंदणीतल्या नावावर निघतं आणि बहुतेक ठिकाणी ते नोंदणीनंतरच देतात. निबंधावरचं नाव वेगळं राहिलं तर संस्थेच्या पत्रात एक ओळ टाका की दोन्ही एकच व्यक्ती.

दुसरं, गावांची नावं. पासपोर्टवर औरंगाबाद नाहीतर उस्मानाबाद, कॉलेजच्या लेटरहेडवर छत्रपती संभाजीनगर, धाराशिव. आपल्याला कळतं, बाहेरच्याला कळेलच असं नाही. पत्रात दोन्ही नावं लिहा. फुकटचं काम आहे.

औंढा
नोंदणी कॉलेजच्या खात्यातून कशी भरायची? संकेतस्थळावर फक्त कार्ड चालतंय, आणि कॉलेजकडे कार्ड नाही.

गोदाकाठ
@औंढा, दोन मार्ग. आयोजकांना लिहून बँक ट्रान्सफरचं बिल मागवा, ते संस्थेच्या नावावर काढून घ्या आणि कॉलेजच्या बँकेतून परकीय चलनात पाठवा. बँक फॉर्म, बिल आणि पाठवण्याचं कारण मागते. पाठवताना 'सर्व शुल्क पाठवणाऱ्याचं' हा पर्याय निवडा. नाहीतर मधल्या बँकेने कापलेल्या पंधरा-वीस डॉलरमुळे नोंदणी 'अपूर्ण' दाखवतात आणि निबंध अडकतो. याला दिवस लागतात, म्हणून अंतिम मुदतीच्या दोन आठवडे आधी सुरुवात.

दुसरा मार्ग गाईडचं कार्ड आणि नंतर परतफेड. त्यासाठी आधी टिपणी मंजूर करून घ्या की 'नोंदणी प्रा. अमुक यांच्या कार्डावरून भरण्यात येईल व त्यांना प्रतिपूर्ती देण्यात येईल'. आधीची टिपणी नसेल तर लेखापरीक्षणात प्रश्न निघतो की पावती विद्यार्थ्याच्या नावे, पैसे गाईडला का? चलन बदलाचा पुरावा म्हणून कार्डचं स्टेटमेंट लावा. गुगलवरचा त्या दिवशीचा दर लेखा विभाग मानत नाही, आणि कार्डाचा मार्कअप, त्यावरचा जीएसटी त्यात धरलेला नसतो.

कार्ड नाकारलं गेलं तर घाबरू नका. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार आंतरराष्ट्रीय व्यवहार मुळातच बंद असतात, ॲपमधून सुरू करावे लागतात. मर्यादाही वाढवा.

मांजरा
उचलीबद्दल कुणी लिहिलं नाही. कॉलेजात संशोधन कक्षाचा निधी किंवा प्रकल्पांच्या ओव्हरहेडचा (प्रकल्पातून संस्थेला मिळणाऱ्या वाट्याचा) पैसा पडून असतो, तिथून विद्यार्थ्यासाठी उचल देता येते. पण नियम असा की उचल कर्मचाऱ्याच्या नावे निघते, विद्यार्थ्याच्या नाही. तेव्हा गाईडच्या नावे उचल, आणि अनुदान आलं की ती वळती. मंजुरी आदेशाची प्रत जोडली की प्राचार्य सहसा नाही म्हणत नाहीत, कारण पैसा परत येणार हे कागदावर दिसतं. मंजुरीच्या आधी मागितली तर शंभरदा विचारतील. म्हणून अनुदानाचा अर्ज स्वीकृतीच्या दुसऱ्या दिवशी, उचलीची टिपणी मंजुरीच्या दुसऱ्या दिवशी. मधल्या काळात फक्त नोंदणी आणि व्हिसाचा भार राहतो.

राज्य सरकारच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांची फेलोशिप असणाऱ्यांनी आकस्मिक खर्चाचं हेड तपासा. त्यात विमा, पोस्टर छपाई, मुंबईचा व्हिसासाठीचा प्रवास असे किरकोळ खर्च बसतात का ते त्या संस्थेकडून ईमेलने लेखी घ्या. फोनवरच्या 'हो'ला नंतर किंमत नसते. केंद्राच्या विश्वेश्वरय्या पीएचडी योजनेतल्या विद्यार्थ्यांनी इकडेतिकडे न बघता आधी त्या योजनेतली परिषदेची तरतूद वापरावी.

विष्णुपुरी
दोन ठिकाणचं अनुदान एकत्र चालतं का, हा प्रश्न हमखास येतो.

गोदाकाठ
चालतं, हेड वेगळं असेल तर. एकच बिल दोन ठिकाणी लावणं म्हणजे सरळ गैरव्यवहार, आणि मूळ बिल एकच असल्याने ते उघडंही पडतं. अर्जातच जाहीर करा: विमान इथून मागतोय, नोंदणी सोसायटीकडून मागितली आहे, निकाल बाकी. सोसायटीचं अनुदान नंतर मंजूर झालं तर एएनआरएफला कळवा. लपवण्याचं कारण नाही, कारण दोन्ही मिळूनही खर्च पूर्ण भरत नाही.

हेडवार कोष्टक आधीच करा. उभ्या रांगेत खर्च, आडव्या रांगेत कोण देणार, शेवटचा रकाना 'मूळ बिल कुणाकडे'. हॉटेलची खोली दोघांत घेतली तर बिलावर दोन्ही नावं आणि निम्मी-निम्मी रक्कम हॉटेलकडूनच लिहून घ्या. आल्यावर मेल करून मागितलं तर उत्तर येत नाही.

औंढा
शेवटचं एक. सोसायटीचे पैसे डॉलरमध्ये येणार. आमच्या तालुक्याच्या शाखेला स्विफ्ट कोड (परदेशातून पैसे यायला लागणारा बँकेचा कोड) नाही म्हणतात. खातं बदलावं लागतंय का?

अँटेनावाला
@औंढा, बदलू नका. छोट्या शाखांना स्वतःचा कोड नसतोच. बँकेच्या परकीय चलन हाताळणाऱ्या शाखेचा कोड द्यायचा, तो जिल्ह्याच्या मुख्य शाखेत विचारा, आणि लाभार्थीच्या रकान्यात तुमचा पूर्ण खाते क्रमांक, नाव पासबुकावर आहे तसंच. शाखेचा आयएफएससी संदेशाच्या ओळीत टाका. पैसे आले की बँक कारण विचारते. 'परिषदेच्या प्रवासखर्चाची भरपाई' असं सांगून मंजुरीचा मेल दाखवा. दाखवला नाही तर रक्कम काही दिवस लटकते आणि कधी परत जाते, मग पुन्हा पाठवताना शुल्क तुमच्यातून कापतात. जनधन किंवा मर्यादा असलेलं खातं देऊ नका, आणि केवायसी जुनं झालं असेल तर जायच्या आधीच करून घ्या.